कबड्डीतील घोटा आणि गुडघा : दुखापतीनंतर काय करावे आणि मैदानात कधी परतावे

कबड्डीच्या सामन्यात एखादा खेळाडू पडला आणि लगेच उठला नाही, की त्याच्याभोवती गर्दी जमते. कोणी घोटा धरून ओढतो, कोणी थंड फवारा मारतो, तर कोणी दोन्ही बगलांत हात घालून त्याला उभे करतो आणि "चालून बघ, काही झालेलं नाही" असे सांगतो. यातल्या प्रत्येकाचा हेतू चांगला असला, तरी खेळाडूचे पुढचे वर्ष बरेचदा याच दहा मिनिटांत ठरते. पहिल्या दुखापतीने कारकीर्द संपलेले कबड्डीपटू तुलनेने थोडे असतात. अर्धवट बऱ्या झालेल्या सांध्यावर सामना खेळून दुसरी, मोठी दुखापत ओढवून घेतलेले मात्र प्रत्येक तालुक्यात सापडतील. त्यामुळे पुढील मजकुरात उपचारांइतकाच भर थांबण्यावर आहे.

या खेळात घोटा आणि गुडघा हे दोन सांधे सर्वाधिक ताण का सोसतात, हे आधी समजून घ्यायला हवे. चढाईपटूला ३० सेकंदांत आत जाऊन, गडी टिपून किंवा बोनस घेऊन मध्यरेषेकडे परतायचे असते. परतण्याचा क्षण धोक्याचा असतो, कारण त्या वेळी कोपरारक्षकाने घोटा पकडलेला असतो, पाऊल जमिनीला खिळलेले असते आणि धड मात्र पूर्ण वेगाने मध्यरेषेकडे वळत असते. पाऊल वळत नाही आणि धड वळते, तेव्हा तो सगळा पीळ गुडघ्यातून जातो. मातीच्या मैदानावर पाऊल थोडे घसरते आणि काही ताण त्यात निघून जातो. त्याची किंमत कोपर-गुडघे खरचटण्यात मोजावी लागते. मॅटवर रबरी तळाचे बूट घट्ट बसतात, खरचटणे कमी होते, पण पाऊल सुटत नाही. वर्षभर मातीवर सराव करून थेट मॅटवरच्या स्पर्धेत उतरणाऱ्या संघांनी हा फरक गांभीर्याने घ्यावा आणि निदान दोन-तीन आठवडे आधी मॅटवर, त्याच बुटांत सराव करावा.

पहिली दहा मिनिटे

पायाला हात लावण्यापूर्वी डोके आणि मान पाहावी. डॅश (बचावपटूचा अंगाने दिलेला धक्का) किंवा ब्लॉक (वाटेत आडवे येऊन रोखणे) बसल्यावर डोके दुसऱ्याच्या गुडघ्यावर किंवा जमिनीवर आपटणे नवे नाही. खेळाडू क्षणभर जरी बेशुद्ध झाला असेल, गोंधळलेला दिसत असेल, गुण किती झाले किंवा समोर कोणता संघ आहे हे सांगू शकत नसेल, तर त्या दिवशी त्याने पुन्हा मैदानात उतरू नये. त्याला स्वतःला बरे वाटत असले तरीही. मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर त्याला हलवू नये, डोके स्थिर धरून ठेवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांच्या आकारात फरक किंवा वाढत जाणारी सुस्ती यांपैकी काहीही दिसले, तर तातडीने मोठे रुग्णालय गाठावे. डोक्याला मार लागलेल्याला त्या रात्री एकटे झोपू देऊ नये.

डोके आणि मान ठीक असतील, तर खेळाडूला आडवेच ठेवून काय झाले ते त्याच्याच शब्दांत ऐकावे. पाय कोणत्या बाजूला वळला, कोणाचा धक्का लागला की आपोआप झाले, आतून काही तुटल्यासारखा आवाज आला का, या तीन प्रश्नांची उत्तरे नंतर डॉक्टरांना फार उपयोगी पडतात आणि दुसऱ्या दिवशी ती खेळाडूला नीट आठवत नाहीत. कोणीतरी ती मोबाइलवर लिहून ठेवावीत.

घोटा : मुरगळला की मोडला

पाऊल आतल्या बाजूला वळून घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे, ताणले जाणे ही कबड्डीतलीच नव्हे, तर बहुतेक मैदानी खेळांतली सर्वांत नेहमीची दुखापत आहे. बाहेरच्या बाजूला अंड्याएवढी सूज आली, की लोक घाबरतात. पण सुजेच्या आकारावरून हाड मोडले आहे की नाही, हे कळत नाही. त्यासाठी १९९२ मध्ये कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी एक साधी पद्धत मांडली आणि ती आज जगभरच्या अपघात विभागांत वापरली जाते.

ती अशी. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जे हाडांचे उंचवटे असतात, त्यांच्या खालच्या टोकावर आणि मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे साधारण चार बोटांच्या रुंदीइतके, अंगठ्याने दाबत जावे. नंतर पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यभागी जो हाडाचा टोकदार भाग हाताला लागतो तो, आणि आतल्या बाजूला पावलाच्या कमानीच्या वरचे हाड दाबून पाहावे. यांपैकी कोठेही नेमके हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, किंवा खेळाडूला दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. लंगडत टाकलेली पावलेही पावलेच धरायची. यांतले काहीच नसेल, तर हाड मोडले असण्याची शक्यता फार कमी असते. किशोर गटातल्या मुलामुलींच्या बाबतीत मात्र शंका आली की एक्स-रेच करावा, कारण वाढत्या वयात हाडाच्या टोकाचा वाढीचा भाग अस्थिबंधापेक्षा कमजोर असतो आणि "नुसता मुरगळला" वाटणारा पाय प्रत्यक्षात तिथे मोडलेला असू शकतो.

हाड शाबूत असेल, तर घोटा दोन आठवडे प्लास्टरसारखा जखडून ठेवणे हा जुना मार्ग आता सौम्य आणि मध्यम दुखापतींत सुचवला जात नाही. दोन-तीन दिवसांनंतर, दुखणे सहन होईल इतपतच, घोटा वर-खाली हलवायला आणि पायावर हळूहळू भार द्यायला सुरुवात करावी. किरकोळ मुरगळ एक-दोन आठवड्यांत, मध्यम तीन ते सहा आठवड्यांत बरी होते. अस्थिबंध पूर्ण तुटला असेल, तर तीन महिनेही लागतात.

घोट्याबाबत खरी हयगय दुखणे थांबल्यानंतर होते. अस्थिबंधाबरोबर सांध्याची जाणीवही बिघडते, म्हणजे पाऊल वळू लागले आहे हे शरीराला उशिरा कळते, आणि म्हणून तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. त्यावर उपाय फुकट आहे. दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहावे, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून, मग दुमडलेल्या जाड सतरंजीवर, मग सहकाऱ्याने फेकलेला चेंडू झेलत. रोज दहा मिनिटे, निदान दोन महिने. दात घासताना हा व्यायाम करणारे खेळाडू मी पाहिले आहेत आणि त्यांच्याकडून तो कधी चुकत नाही. शिवाय मैदानात परतल्यावर सहा महिने ते वर्षभर लेसचा घोटापट्टा किंवा टेपिंग वापरावे. त्याने घोटा "सवयीचा गुलाम" होतो या समजाला आधार नाही.

गुडघा : इथे घाई सर्वांत महाग पडते

गुडघ्याच्या आत एकमेकांना छेद देणारे दोन अस्थिबंध असतात. त्यांतला पुढचा, ज्याला खेळाडूही आता एसीएल म्हणूनच ओळखतात, नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा स्थिर ठेवतो. तो तुटतो तेव्हाची हकिगत बहुधा एकसारखी असते. खेळाडू वळत होता किंवा उडी मारून उतरत होता, गुडघा आतल्या बाजूला झुकला, आतून "कट्" असा आवाज आला, खाली पडला, काही मिनिटांनी उठला, आणि दोन-चार तासांत गुडघा फुगून टणक झाला. ही वेळ महत्त्वाची आहे. दुसऱ्या दिवशी आलेली सूज अनेकदा साध्या कारणाने असते. काही तासांतच आलेली मोठी सूज म्हणजे सांध्यात रक्त साठल्याची खूण असते आणि तरुण खेळाडूत तिचे सर्वांत नेहमीचे कारण एसीएल तुटणे हेच असते. अशा गुडघ्याला "मुका मार" म्हणून सोडून देऊ नये.

हा गुडघा फसवतोही. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, खेळाडू चालू लागतो, सरळ रेषेत पळूही लागतो. एक्स-रे स्वच्छ आलेला असतो, कारण एक्स-रेमध्ये अस्थिबंध दिसतच नाहीत. मग तो चढाईला जातो, पहिल्याच वळणावर गुडघा जागेवरून निसटल्यासारखा होतो आणि तो पुन्हा बसतो. असे प्रत्येक निसटणे आतल्या गादीला, म्हणजे मेनिस्कसला आणि कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, चिरडत असते. एसीएल नव्याने बांधता येतो. झिजलेली कूर्चा पहिल्यासारखी करून देण्याची सोय अद्याप नाही. पस्तिशीत जिना उतरताना कण्हणाऱ्या माजी खेळाडूंचे मूळ बरेचदा या मधल्या काळात असते.

म्हणून अशी हकिगत असेल, तर आठवड्याभरात क्रीडावैद्यक किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. अनुभवी डॉक्टर नडगी हाताने पुढे ओढून बऱ्याच अंशी निदान करतात. ताज्या सुजेत स्नायू आखडलेले असल्यामुळे पहिली तपासणी कधी कधी अपुरी ठरते. तेव्हा आठ-दहा दिवसांनी पुन्हा बोलावले, तर कंटाळा करू नये. एमआरआयने निदान पक्के होते आणि गादीची स्थितीही कळते. गुडघा वाकलेल्या स्थितीत अडकला असेल आणि सरळच होत नसेल, तर मात्र वाट न पाहता लगेच दाखवावे.

शस्त्रक्रिया प्रत्येकालाच लागते असे नाही. कबड्डी सोडून साधे आयुष्य जगणाऱ्या कित्येकांचे काम व्यायामावर भागते, पण ज्याला पुन्हा चढाई-पकड करायची आहे, त्याला सहसा शस्त्रक्रियेचाच सल्ला मिळतो. तीही सूज उतरून, गुडघा पूर्ण सरळ होऊ लागल्यावर केलेली बरी. त्या आधीचे काही आठवडे मांडीचे स्नायू बळकट करण्यात घालवणाऱ्यांची पुढची वाटचाल सोपी जाते. मांडीच्या मागच्या स्नायूचा किंवा वाटीखालच्या बंधाचा तुकडा घेऊन नवा अस्थिबंध बसवला जातो. इथे खेळाडूने एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी : बसवलेला तुकडा पहिल्या काही महिन्यांत आधी कमजोर होतो आणि मग सावकाश अस्थिबंधाचे रूप घेतो. तिसऱ्या महिन्यात गुडघा छान वाटतो, तेव्हा आतला बंध मुळीच तयार नसतो.

शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने पूर्ण होण्यापूर्वी सामना खेळू नये. हा आकडा डॉक्टरांच्या सावधपणातून आलेला नाही. नॉर्वे आणि अमेरिकेतील खेळाडूंच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत परतणे जितके महिने पुढे ढकलले, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याच्या पुन्हा दुखापतीचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटलेले आढळले. पंचविशीच्या आतल्या, पुन्हा खेळात उतरलेल्या खेळाडूंमध्ये साधारण चार-पाचांतल्या एकाचा तोच किंवा दुसऱ्या पायाचा एसीएल पुन्हा तुटतो, हेही ध्यानात ठेवावे.

नऊ महिने झाले म्हणजे परवाना मिळाला, असेही नाही. गुडघा तयार आहे का, हे मोजून पाहावे लागते आणि त्यातले एक मोजमाप कोणत्याही मैदानावर होते. चुन्याची रेघ मारावी. चांगल्या पायावर उभे राहून, त्याच पायाने जास्तीत जास्त लांब उडी मारून त्याच पायावर उतरावे आणि दोन सेकंद स्थिर राहावे. तोल गेला तर उडी बाद. टाचेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. तीनदा करून सर्वांत लांब उडी धरावी, मग दुसऱ्या पायाने तेच करावे. चांगल्या पायाची उडी १६० सेंटिमीटर असेल, तर शस्त्रक्रिया झालेल्या पायाची निदान १४४ म्हणजे ९० टक्के हवी. १३६ आली, तर अजून काम बाकी आहे. त्याच वेळी समोरून मोबाइलवर चित्रण करावे आणि उतरताना गुडघा आत झुकतो का, ते सावकाश गतीने पाहावे. अंतर पुरले, पण गुडघा आत कोसळत असेल, तर ती उडी उत्तीर्ण धरू नये. मांडीच्या ताकदीचे मोजमाप मात्र फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्यावे.

त्यानंतरही एकदम सामना नको. सरळ धावणे, मग वळणे, मग रिकाम्या मैदानात एकट्याने चढाई, मग बचावफळी उभी असताना पण पकडीशिवाय, मग अर्ध्या जोराने पकड, ज्यात कोपरारक्षकाने घोटा धरून सोडण्याचा सरावही आला, आणि शेवटी पूर्ण जोराचा सराव, असा क्रम ठेवावा. प्रत्येक पायरीवर आठवडाभर तरी काढावा. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज दिसली, तर एक पायरी मागे यावे.

सांध्याला, स्नायूला, खिशाला आणि मनाला

खांदा निखळला, तर तो मैदानातच ओढून बसवण्याचा प्रयत्न करू नये. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जवळूनच जातात. झोळीत हात ठेवून रुग्णालयात न्यावे. विशीच्या आत एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच असते, म्हणून पहिल्याच वेळी पुढचा सल्ला घ्यावा. बोटाचे वाकडे झालेले पेर ओढून सरळ करणे हा संघांमध्ये नेहमीचा प्रकार आहे आणि तोही टाळावा.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काय टाळावे, याची यादी काय करावे यापेक्षा अधिक उपयोगाची आहे. शेक, जोराची मालिश, मद्य आणि दुखऱ्या भागावर धावणे ही चार कामे सूज आणि आतला रक्तस्राव वाढवतात. तेल लावून "नस बसवून" घेण्यासाठी त्याच रात्री नेण्याची आपल्याकडची रीत मोडली, तरी कित्येक गुडघे-घोटे वाचतील. आंबेहळदीचा लेप वरून लावण्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याखाली तुटलेले हाड किंवा बंध महिनाभर लपून राहतो, ही तक्रार आहे. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवल्यास दुखणे कमी होते, इतकेच. त्याने जखम लवकर भरते असा पुरावा नाही. पाय हृदयापेक्षा उंच ठेवावा आणि क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधत जावे. बोटे गार पडली किंवा बधिर झाली, तर सैल करावे.

दुखणे दाबून सामना खेळण्यासाठी गोळी किंवा इंजेक्शन घेणे सर्वांत वाईट. वेदना गेल्या की शरीराची शेवटची सूचनाही बंद होते. उपाशीपोटी आणि घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात डायक्लोफेनॅकसारखी औषधे पोटाला व मूत्रपिंडाला इजा करतात. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात स्टेरॉइडचे इंजेक्शन, शरीरात कोठेही दिलेले असो, जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार निषिद्ध आहे. राष्ट्रीय स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूने "सुईत काय आहे" हे विचारून, लिहून घ्यावे.

हे सगळे ठाऊक असूनही खेळाडू का थांबत नाहीत? महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि कबड्डीतल्या कित्येक मुलामुलींना रेल्वे, पोलीस किंवा कंपन्यांच्या संघांत जागा मिळवायची असते. निवड चाचणी वर्षातून एकदाच येते. वयोगटाचे शेवटचे वर्ष असेल, तर नऊ महिने थांबणे म्हणजे नोकरीसाठी उपयोगी पडणारे स्पर्धेचे प्रमाणपत्र हातचे जाणे. हा हिशोब खोटा नाही आणि प्रशिक्षकाने त्याला भित्रेपणाचे नाव देऊ नये. पण त्या हिशोबात दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च आणि आणखी एक गेलेले वर्षही मांडावे. भारताचा चढाईपटू पवन सेहरावत ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामातल्या आपल्या पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून संपूर्ण हंगामाला मुकला, तेव्हा तो त्या लिलावातला सर्वांत महागडा खेळाडू होता. पुढच्या वर्षी त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने आशियाई अजिंक्यपद आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेचे सुवर्ण जिंकले. व्यावसायिक संघाकडे फिजिओ असतात, मंडळाच्या संघाकडे नसतात, हे खरे. तरी गेलेला हंगाम म्हणजे गेलेली कारकीर्द नव्हे, एवढे त्यावरून दिसते.

मनाचीही तयारी पाहावी. गुडघा बरा असूनही खेळाडू उजवीकडे वळायचे टाळत असेल, पकड बसण्याआधीच अंग आखडत असेल, तर त्याला ओरडून उपयोग नाही. या काळात त्याला घरी बसवून न ठेवता सामन्याचे गुणलेखन, विरोधी चढाईपटूंचे चित्रण पाहणे अशी कामे द्यावीत. संघापासून तुटलेला खेळाडू व्यायामही सोडतो.

दुखापत होण्यापूर्वी

फुटबॉलसाठी तयार झालेला "फिफा ११+" हा वीस मिनिटांचा सराव आठवड्यातून दोन-तीनदा केल्यास दुखापती लक्षणीय घटतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. धावणे, एका पायावरचा तोल, उडीनंतर गुडघा सरळ ठेवून उतरणे हे त्याचे घटक कबड्डीला जसेच्या तसे लागू पडतात. मुलींमध्ये एसीएल तुटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असल्याने त्यांच्या संघांनी तर तो चुकवूच नये. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी गुडघ्यांवर बसून, जोडीदाराने घोटे धरलेले असताना, धड सरळ ठेवून सावकाश पुढे झुकण्याचा व्यायाम करावा. त्याने या स्नायूंच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात, आणि घोटे धरायला कबड्डीच्या संघात माणसांची वाण नसते.

आपल्याकडच्या रात्रीच्या, प्रकाशझोतातल्या हिवाळी स्पर्धांचा एक धोका वेगळा आहे. बाद झालेला खेळाडू गार हवेत बसून राहतो आणि पुनरुज्जीवन मिळताच पूर्ण वेगाने चढाईला जातो. बसल्या जागी घोटे फिरवणे आणि मांडीचे स्नायू आवळून सोडणे चालू ठेवावे.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी बर्फाची पेटी, क्रेप बँडेज, त्रिकोणी झोळी, पाय बांधण्यासाठी जाड पुठ्ठा आणि जवळच्या, रात्री चालू असलेल्या रुग्णालयाचा क्रमांक गुणलेखकाच्या मेजावर ठेवावा. संघाने सामना सुरू होण्यापूर्वीच प्रशिक्षक आणि कर्णधार सोडून एक माणूस नेमावा. जखमी खेळाडू पुन्हा उतरणार की नाही, हे तोच ठरवील, आणि दोन गुणांनी मागे असतानाही त्याचा शब्द मोडायचा नाही, हे सर्वांनी आधीच मान्य केलेले असावे.